सख्खे का?

अनोळखी नंबरवरून आलेला फोन मी उचलत नाही. बँकेच्या, टॅक्सवाल्यांच्या आणि पार्सलवाल्यांच्या नावाने या देशात जे फोन येतात, ते पाहता कुठल्याही शहाण्या माणसाने उचलू नये असंच माझं मत आहे. त्यामुळे त्या सकाळी चहा गाळत असताना नॉटिंगहॅमचाच, पण ओळखीचा नसलेला नंबर दिसला तेव्हा मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग मात्र वैतागून उचलला आणि ठेवणीतल्या इंग्रजीत "हू इज धिस, प्लीज?" असं दरडावून विचारलं. पलीकडून आवाज आला, "शुभदा, मी माधव... वॉर्डमधल्या फोनवरून बोलतोय, माझ्या मोबाइलचं चार्जिंग संपलंय. वासंती गेली, पहाटे." यावर माणसं काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "कशावरून?" तोंडातून गेलं ते गेलं. माधवराव रागावले नाहीत. ते म्हणाले, "तिनंही हेच विचारलं असतं." आणि मग आम्ही दोघंही फोनवर रडलो.

आजारी होती, हे माहीत होतं. उन्हाळ्यात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि पानगळ संपायच्या आत ती गेलीसुद्धा. आता काही आठवडे उलटलेत, आणि तिच्याबद्दल लोक जे गोड गोड बोलतायत ते ऐकून मला हे लिहावंसं वाटलं. माणूस गेला की सगळ्यांना एकदम त्याचा आदर वाटायला लागतो. या आदराचा मला संशय येतो.

आम्ही दोघीही नवऱ्यांच्या नोकरीपाठोपाठ नॉटिंगहॅमला आलेल्या. तिचे माधवराव हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाचे सर्जन, मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत. वासंती सांगलीची, समाजकार्याची पदवी घेऊन आलेली. इथे पुन्हा शिकली आणि गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारी प्रोबेशन ऑफिसर झाली. मी मुळातच संशयी. दुधाची तारीख, डॉक्टरांचं निदान, सेलची पाटी, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही, आणि फार्मसीत हा गुण समजला जायचा. पण वासंतीपुढे मी अगदीच भोळी ठरायचे. माझा संशय सगळीकडे थोडा थोडा पसरलेला, तिचा नेमक्या जागी जाऊन बसणारा. माझी मुलगी लहान असताना शाळेनंतर कधी तिच्याकडे थांबायची. तिला घरी सोडायला आली की वासंती दारातच विचारायची, घरात कोण आहे? एकदा आमच्या यांनी दार उघडलं आणि तरीही तिने विचारलंच. हे म्हणाले, "अहो, मी आहे ना. की माझ्यावर पण संशय?" ती हसून म्हणाली, "हो, तुमच्यावर पण, अशोकराव." तेव्हा यांना चांगलंच झोंबलं होतं. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा हेच सगळ्यांना रंगवून सांगायचे.

तिची सगळ्यात त्रासदायक सवय म्हणजे तो प्रश्न. परदेशातल्या मराठी घरांत पोरांना नातेवाईक नसतात, पण काका ढीगभर असतात. वडिलांचा मित्र काका, शेजारचा काका, मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणारा तोही काका. इथे जन्मलेली मुलं शाळेत हे सगळं इंग्रजीत सांगतात, आणि मग शिक्षकांना वाटतं, या मुलाच्या आजोबांना चाळीस मुलगे आहेत की काय. कुणी मूल "हे माझे काका" असं म्हणालं की वासंती लगेच विचारायची, "सख्खे का?" समोरचा माणूस ओशाळायचा, मुलाची आई कसनुसं हसायची. मी तिला बाजूला घेऊन म्हणायचे, अगं काय हे, कोर्टात उभं केल्यासारखं. तिचं उत्तर ठरलेलं, "उत्तर देणाऱ्याला काही त्रास होत नाही, शुभे. बघ तू. त्रास होतो तो आजूबाजूच्यांना."

तिच्या कामाबद्दल ती फार बोलत नसे, नावं तर कधीच नाहीत. पण कामाची रीत तिने मला समजावली होती. गुन्हा शाबित झाला, किंवा आरोपीने कबूल केला, की शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीश अहवाल मागवतात. हा माणूस पुन्हा असं करेल का, आणि केलं तर कुणाचं किती नुकसान होईल. तिच्याकडे मुख्यतः लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणं यायची. ती त्या माणसासमोर तासन् तास बसायची, त्याचं ऐकायची, आणि शेवटी त्याला एका पायरीवर उभं करायची: लो, मीडियम, हाय, व्हेरी हाय. यातलं बरंचसं आधी ठरलेल्या प्रश्नांवरून गुण मोजून निघतं. आधी कधी शिक्षा झाली होती का, वय किती, मुलगी नात्यातली की परकी. मला ते ऐकून आमच्या औषधांच्या डोसासारखं वाटलं आणि बरं वाटलं. तिला तसं वाटत नसे. ती म्हणायची, "हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुन्हा करेल का, हा एक. केलं तर काय होईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लो आलं की लोक टाळ्या वाजवतात आणि दुसरा प्रश्न विचारायचं विसरतात." आणि पहिल्यावरही तिचा पुरता भरवसा नव्हताच. आधी कधी पकडला गेला नसेल त्याचे गुण कमी. म्हातारा असेल त्याचे आणखी कमी. "कागदावर सगळे म्हातारे गरीब गाय असतात," ती म्हणायची.

पण तिला नुसती संशयाची पुतळी समजू नका. एका तरुण मुलाला सगळ्यांनी हाय ठरवलं होतं, कारण तो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसे. याच्या तोंडावर जे दिसतं ते आजारपण आहे, गुन्हा नव्हे, असं सांगून तिने ऑफिसात भांडून त्याला खालच्या पायरीवर आणलं. संशयाला पण पुरावा लागतो, असं तिचं म्हणणं. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिली नाही, आणि तिने ती मागितलीही नाही.

आता मंडळाची गोष्ट. त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर त्या मुलीचं घर ओळखता येईल. आम्ही सगळे त्यांना तबल्याचे काका म्हणायचो. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये ते मुलांना तबला शिकवायचे, फुकट. गणपतीत आरतीला साथ करायचे, दर वर्षी लंडनच्या वेम्बलीतल्या देशी दुकानांतून मोदकांचे साचे आणि उदबत्त्या घेऊन यायचे. वासंतीने आपल्या मुलाला त्यांच्याकडे कधी पाठवलं नाही. त्याला ताल नाही, असं सांगायची. एका वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिक्षिकेला काही सांगितलं, पोलीस आले, आणि तबल्याच्या काकांनी थोड्याच दिवसांत गुन्हा कबूल केला. मी त्याच संध्याकाळी वासंतीकडे गेले आणि सरळ विचारलं, "तुला माहीत होतं?" मला खरंच वाटलं होतं की हिला ऑफिसातून काहीतरी कळलं असणार आणि ही गप्प बसली. ती म्हणाली, "नाही गं. मला कुणाचंच काही माहीत नसतं. म्हणून तर विचारत सुटते." मी मान डोलावली, पण घरी येईपर्यंत ते उत्तर उलटंपालटं करून पाहत राहिले. आजही अधूनमधून पाहते.

ओळखीचा माणूस म्हणून तिने स्वतःच ऑफिसला कळवलं आणि त्या प्रकरणापासून लांब राहिली. अहवाल दुसऱ्या कुणीतरी लिहिला. तो कोर्टापुढे यायच्या आधीच मंडळात बातमी पसरली होती. मंडळाच्या सेक्रेटरी नलिनीवहिनी मला फोनवर म्हणाल्या, "त्यांच्या सॉलिसिटरकडून कळलंय, लो रिस्क आलंय. म्हणजे तसा काही धोका नाही हो. जेल पण होणार नाही म्हणतात, शिक्षा सस्पेंडेड होईल, नुसती कागदावर. गणपतीपर्यंत सगळं शांत होईल." 'तसा काही' या दोन शब्दांत आपण मराठी माणसं काय काय झाकून टाकतो ते मला तेव्हा कळलं. 'लो'चा 'तसा काही नाही' झाला, आणि 'तसा काही नाही'चा गणपतीपर्यंत 'काहीच नाही' होणार, हे दिसतच होतं. म्हणजे रविवारी हॉलचं दार उघडणार, आणि त्या मुलीला किंवा तबल्याच्या काकांना, दोघांपैकी एकाला तिथे येता येणार नाही. कोण येणं बंद करणार हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

शिक्षेच्या दिवशी मुलीच्या आईबरोबर कुणीतरी बसायला हवं होतं. तिचा नवरा कोर्टात यायला तयार नव्हता; मला त्या माणसाचं तोंड बघवणार नाही, म्हणाला. म्हणून वासंती रजा काढून आली, आणि तिने मलाही ओढून नेलं. क्राउन कोर्टात मागच्या बाकांवर आम्ही तिघी. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात काचेपलीकडे तबल्याचे काका, इस्त्रीचा शर्ट घालून, आमच्याकडे न बघता. त्यांचा बॅरिस्टर चांगला बोलत होता. एका कुटुंबात घडलेली दुर्दैवी चूक आहे, म्हणाला. मुलीचे अंकल आहेत, आता त्या घराशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही, त्यामुळे पुन्हा संधीच येणार नाही, आणि अहवालानेही त्यांना लो म्हटलंय. मुलीची आई खाली मान घालून ऐकत होती. मीही ऐकत होते, आणि खरं सांगते, मला त्यात काही खटकलं नाही. अंकल तर अंकल... आपण म्हणतोच की.

वासंतीने मात्र त्या बाईचा हात धरला. कुजबुजत विचारलं, "ते तुमचे कोण लागतात?"

"कोण म्हणजे, वासंतीताई? काका."

"सख्खे का?"

"नाही हो. आपले, मंडळाचे."

त्या क्षणी वासंतीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. झालं होतं ते इतकंच. मुलीने पोलिसांना इंग्रजीत 'माय अंकल' म्हणून सांगितलं, कारण घरात तिला तसंच शिकवलं होतं. पोलिसांनी अंकल लिहिलं. अहवाल लिहिणाऱ्याने पोलिसांचं वाचून मुलगी नात्यातली धरली आणि गुण कमी झाले. आई-वडिलांना त्यात चूक दिसली नाही, कारण आपल्या कानाला ती चूक वाटतच नाही. तबल्याच्या काकांना मात्र ती चूक आहे हे माहीत होतं. अहवालासाठी त्यांच्याशी कुणीतरी तासभर बोललं असणार. त्या तासात त्यांनी ती दुरुस्त केली नाही. त्यांना सुचलं नाही, असं आजही काही लोक म्हणतात. माझा विश्वास नाही.

दुपारच्या सुट्टीत वासंतीने त्या आईला सरकारी बॅरिस्टरसमोर उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकली. "मी बोलायचं नाही इथे," ती मला म्हणाली. "हे तिनंच सांगायला हवं." ती बिचारी भिंतीला टेकून उभी. इंग्रजी बेताचं. म्हणाली, "सर, ही इज नॉट अवर अंकल. ही इज ऑल चिल्ड्रन्स अंकल." बॅरिस्टरला आधी कळेना. नवऱ्याचा भाऊ? बहिणीचा नवरा? नाही, नाही, नाही. मग त्याला कळलं, आणि त्याने विचारलं, किती मुलं त्यांना अंकल म्हणतात? तिने नुसते दोन्ही हात पसरले. नात्यातला माणूस असेल तर धोका एका घरापुरता, अशी त्या अहवालाची समजूत होती. इथे तर ज्या ज्या घरात मूल होतं त्या सगळ्या घरांची दारं एका शब्दाने उघडी होती.

न्यायाधीशांनी शिक्षा पुढे ढकलली आणि नवा अहवाल मागवला. त्यात पायरी बदलली. तबल्याच्या काकांना तुरुंगवास झाला, आणि सुटल्यानंतर बरीच वर्षं मुलांना शिकवायचं नाही, मुलं असतील अशा कार्यक्रमांना जायचं नाही, अशी बंदी लागली. ती मुलगी पुढच्या गणपतीत हॉलमध्ये आली. आईचा पदर धरून आली, पण आली. वासंतीचं मात्र हॉलमध्ये येणं हळूहळू कमी झालं. तिला कुणी येऊ नका म्हटलं नाही; आपल्यात तसं कुणी म्हणत नाही. मराठी शाळेच्या मीटिंगची वेळ तिला कळेनाशी झाली, हळदीकुंकवाचे निरोप तिच्यापर्यंत पोहोचेनासे झाले. घरातली गोष्ट कोर्टात फोडली, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि जे हे म्हणत होते ते काकांना घरातलंच समजत होते. तो बॅरिस्टर मग काय वेगळं म्हणाला होता?

निवृत्तीनंतर एकदा तिच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "मी ज्यांना लो लिहिलं, त्यातले किती खरंच लो होते कुणास ठाऊक. जे पकडले गेले नाहीत ते सगळे 'लो'च. आणि उगाच कुणाला हाय लिहिलं असेल, तर तेही कळायला मार्ग नाही. त्याचं आयुष्य गेलं असेल." मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "समजूत नको काढू. चहा दे." मी चहा दिला. ती स्वतःवरही तितकाच संशय घ्यायची, आणि त्यासाठी मला ती फार आवडायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. दोघींनाही तसलं बोलणं जमत नसे.

माझी मुलगी आता मेडनहेडला असते, आणि नात तारा सुट्टीत आमच्याकडे येते. आठ वर्षांची आहे. तिच्या मराठीत लिंग-वचनाचा पत्ता नसतो. वासंतीने तिला आपला जुना फोटो-अल्बम दाखवत एक खेळ शिकवला. फोटोवर बोट ठेवायचं, तारा म्हणणार 'हा काका', वासंती विचारणार 'सख्खा?' बरोबर उत्तराला एक काजू. मग उलटं, ताराने विचारायचं. ते पोर दिवसभर सगळ्यांना विचारत सुटायचं. आमच्या पोस्टमनलाही तिने एकदा विचारलं होतं.

गेल्या महिन्यात मंडळाने त्याच हॉलमध्ये वासंतीसाठी सभा ठेवली. शाळेला हाफ टर्मची सुट्टी असल्याने तारा होती. नलिनीवहिनी छान बोलल्या, वासंतीताई म्हणजे मंडळाचा आधार वगैरे. मी मागच्या रांगेत बसून दाराकडे बघत होते, ही सवयही तिचीच. आणि दारातून तबल्याचे काका आत आले. काठी, लोकरी टोपी, वाकलेली पाठ. बंदीची मुदत गेल्या वर्षी संपली होती, म्हणजे कायद्याने ते येऊ शकत होते. मी तडक माधवरावांकडे गेले. "यांना कुणी बोलावलं?"

"मी," ते म्हणाले. "शुभदा, तुम्हाला सांगितलं नाही कधी. तो सुटून आल्यापासून वासंती मला महिन्यातून एकदा त्याच्याकडे चहाला पाठवायची. एकटा पडलेला माणूस जास्त धोक्याचा, म्हणायची. त्याला मोठी माणसं भेटायला हवीत, मुलं नकोत. स्वतः कधी नाही आली. परत आलो की सगळं विचारायची, काय बोलला, भिंतीवर काय आहे, कोण येतं-जातं... आज मी त्याला सांगितलं होतं, साडेचारनंतर ये. तोवर मुलं गेलेली असतील."

तेव्हा चारही वाजले नव्हते. लवकर का आलात, हे नंतर मी त्यांना विचारलं. बसची वेळ, म्हणाले. असेलही. मी मागे वळले तर तारा वासंतीच्या आवडीचे म्हणून ठेवलेल्या पेढ्यांच्या टेबलापाशी उभी, आणि ते तिच्यासमोर वाकलेले. तेव्हा काका होते, आता स्वतःच स्वतःला बढती दिली होती. "नाव काय गं तुझं? मी तबल्याचे आजोबा." हातात पेढा.

ताराने पेढ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि अगदी खेळातल्यासारखं विचारलं, "सख्खे का?"

नलिनीवहिनींच्या हातातली थाळी तशीच राहिली. त्या मुलीची आई पलीकडे उभी होती, तिनेही ऐकलं. मी टेबलापर्यंत पोहोचले होते, ताराच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. कोर्टात जे दिलं नव्हतं ते. तबल्याच्या काकांचा हात हवेत थांबला. मग त्यांनी पेढा थाळीत परत ठेवला आणि म्हणाले, "नाही." काठी टेकत ते माधवरावांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि सभा संपेपर्यंत तिथून उठले नाहीत.

परतताना गाडीत तारा मागून म्हणाली, "आजी, मी बरोबर विचारला ना?" एरवी मी तिला लगेच सुधारते, विचारलं म्हण. त्या दिवशी नाही सुधारलं. म्हटलं, अगदी बरोबर विचारलास. मग तिने पुढचा प्रश्न टाकला. "आणि वासंतीआजी? ती तुझी बहीण होता का? सख्खी?"

"हो," मी म्हटलं.

वासंती असती तर तिने पुन्हा विचारलं असतं.